करुणेलाही विसावा हवा

सुरत शहरातील बमरोलीचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानी नसेल. पांडेसऱ्याच्या कारखान्यांना लागून असलेल्या या भागात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. खानदेशातून पोटासाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे येथे नांदतात. मागात कामगाराचा हात सापडला किंवा रंगाईच्या कारखान्यात तो भाजला, म्हणजे सरकारी इस्पितळाचा अपघात विभाग हाच त्याचा आधार असतो. मध्यरात्री तो ज्या डॉक्टरसमोर उभा राहतो, त्याने त्या पाळीत किती जखमा शिवल्या, किती आप्तांना मृत्यूची वार्ता सांगितली, हे त्याला ठाऊक नसते. त्याला दिसतो तो एक निर्विकार चेहरा आणि ऐकू येतो तो एक तुटक प्रश्न. हे दृश्य एकट्या सुरतेचे नव्हे. मुंबईपासून आमच्या बांबोळीपर्यंत कोणत्याही मोठ्या सरकारी इस्पितळात ते कमीअधिक प्रमाणात दिसेल.

ही निर्दयता म्हणावी काय? कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ साली तातडीच्या विभागातील परिचारिकांविषयी लिहिताना या अवस्थेला नाव दिले : करुणेचा थकवा. दुसऱ्याचे दुःख अहोरात्र पाहणारे मन स्वतःला वाचविण्यासाठी हळूहळू कवाडे लावून घेते. झोप उडते, चिडचिड वाढते, आणि रुग्ण नावाने नव्हे, तर खाटेच्या क्रमांकाने ओळखला जाऊ लागतो. ज्याला मुळात कळवळा आहे, त्यालाच ही व्यथा ग्रासते, हे यातील दुर्दैव होय. पण तिची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते, हेही विसरून चालणार नाही. थकलेल्या हाताकडून चूक होते आणि थकलेल्या मनाला रुग्णाचे पुरते ऐकून घेण्याचे त्राण उरत नाही.

यावर उपदेश हा उपाय नव्हे, हे सुरतेनेच दाखवून दिले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले आणि अनेक खाजगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावली. सारा भार पडला तो सिव्हिल इस्पितळात पाय रोवून राहिलेल्यांवर. साथ ओसरल्यावर शहर सुधारले, ते स्वच्छतेवरील व्याख्यानांनी नव्हे. १९९५ साली आलेले पालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून रस्त्यावर उतरविले आणि विभागवार जबाबदारी ठरवून दिली. दोनेक वर्षांत सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. व्यवस्था बदलली, म्हणून वर्तन बदलले. करुणेची गोष्ट याहून निराळी नाही.

निवासी डॉक्टरांना सामान्यतः आठवड्यास ४८ तास आणि एका वेळी १२ तासांहून अधिक काम देऊ नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच ठरविले होते. हा नियम बव्हंशी कागदावरच राहिला. उलट मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय इस्पितळात रुग्णाच्या नातलगांनी एका तरुण डॉक्टरला असे मारले, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. जून २०२५ मध्ये गोमेकॉच्या अपघात विभागातील ज्येष्ठ डॉक्टरची आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर निर्भर्त्सना केली व निलंबनाचा आदेश दिला. डॉक्टर आंदोलनास उतरले, निलंबन होणार नाही असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले आणि मंत्र्यांनी क्षमा मागितली. प्रश्न होता एका इंजेक्शनचा. तातडीचे नसलेले काम अपघात विभागात का येते, हा खरा प्रश्न मात्र तसाच राहिला.

रुग्णाची तक्रार खोटी असते, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. उद्धटपणाचा जाब विचारलाच पाहिजे. पण तो बंद दाराआड, चौकशीच्या रीतीने. त्याबरोबरच कामाच्या तासांचा नियम कठोरपणे पाळला जावा. अपघात विभागातील माणसांची ठराविक काळानंतर बदली व्हावी. नातलगांशी बोलण्यासाठी वेगळा समाजसेवक नेमावा, आणि एखादे मूल दगावल्यावर त्या पाळीतील डॉक्टर-परिचारिकांजवळ वरिष्ठांनी घटकाभर बसावे. गावोगावची आरोग्य केंद्रे संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी उघडी राहिली, तर साध्या दुखण्यांची गर्दीही ओसरेल. यांतले काहीही सरकारच्या आवाक्याबाहेरचे नाही.

वैद्याला आपण देव म्हणतो आणि देवाला भूक, झोप नसते असे मानून मोकळे होतो. परंतु आपल्या देवळांत तर दुपारी गाभाऱ्याचे दार लोटतात आणि रात्री शेजारती करून देवालाही निजवितात. जो समाज देवाच्या विसाव्याची वेळ चुकवीत नाही, त्याने माणसाच्या विसाव्याची वेळ चुकवू नये. बमरोलीच्या त्या जखमी कामगाराला रात्री दोन वाजता मायेचा एक शब्द ऐकावयास मिळावा, असे वाटत असेल, तर तो उच्चारणारा आदल्या रात्री झोपलेला असावा, एवढी तजवीज आपण केली पाहिजे.