इचूकाटा

"बॅटरी घेऊन जा गा, इचूकाटा रायते."

सांजवेळी कुणी घराबाहेर पाय टाकला की आमची आजी हे म्हणायचीच. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे धानाच्या बांध्यांत वाढलेल्या माणसाला हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. नावाला त्यात विंचू आणि काटा. पण त्यांच्या आड गोम असते, कोळी असतो आणि मुख्य म्हणजे साप असतो. दिवेलागणीनंतर त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर तो येतो, अशी समजूत. म्हणून कुणी 'जनावर' म्हणतं, कुणी 'किडा'. तो चावला असंही म्हणायचं नाही. 'पान लागलं' म्हणायचं.

मला हा शब्द फार प्रिय आहे. त्यात धाक आहे, द्वेष नाही. रोवणीला चिखलात वाकणाऱ्या, पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या, भर उन्हाळ्यात तेंदूपानांसाठी जंगलात शिरणाऱ्या माणसांना या जिवांच्या शेजारीच राहायचं असतं.

दवाखान्याच्या दारात मात्र हाच आडपडदा जीव घेतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. घरचे सांगतात, "काहीतरी किडा चावला." आमच्या शेजारच्या काकू अशाच गेल्या. आधी चुना लावला, मग मांत्रिक झाला. गाडी मिळेपर्यंत श्वास अडकला होता. प्रतिविष वेळेत मिळालं असतं तर, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक खेड्यांतले. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच तुटते. तिथे एकेक तास मोलाचा. तेव्हा डॉक्टरांपुढे 'किडा' नको. रात्री खाली झोपला होता, साप असू शकतो, असं उघड सांगा.

आजी गेली. तिची बॅटरी दाराजवळच्या त्याच खिळ्याला आहे. लेक अंगणात निघाला की माझ्याही तोंडून 'इचूकाटा'च निघतो. पण रात्री त्याची मच्छरदाणी गादीखाली खोचताना मी 'मण्यार' म्हणतो. दिवे लागलेले असतात, तरी म्हणतो.