साठ किलोचा रूळ, सात पौंडांचं बाळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार होणाऱ्या रेल्वेच्या रुळाला '६० किलो' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघांनी मिळून उचलला की झालं! प्रत्यक्षात इथला १३० मीटर लांबीचा अखंड रूळ सुमारे ७,८०० किलो भरतो. कारण साठ किलो हे वजन अख्ख्या रुळाचं नाही, त्याच्या एका मीटरचं आहे.

जुन्या रुळांची ओळख '९० आर' अशी असे. नव्वदचा आकडा पाहून तो अधिक जड असेल, असं समजू नका. तिथे हिशेब पौंडांचा आणि यार्डांचा. यार्डाला ९० पौंड, म्हणजे मीटरला फक्त ४४.६ किलो. आकडा मोठा, रूळ हलका!

भिलाईचा जन्मच मापं बदलण्याच्या काळातला. सोव्हिएत रशियाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये. वजनमापांचा कायदा आला १९५६ साली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत किलोची वजनं लागू झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. शेर ९३३ ग्रॅमचा होता, त्यामुळे किलोची सवय व्हायला फारसं जड गेलं नाही. अडचण झाली ती तोळ्याची. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफाकडे तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. आजीच्या काळातल्या पाच तोळ्यांच्या पाटल्या मोडायला नेल्या, तर त्या ५८ ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. 'पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम' असं घरूनच ठरवून गेलात, तर आठ ग्रॅम सोनं गेलं. तेव्हा वजन काट्यावर आपल्या डोळ्यांनी पाहावं आणि ग्रॅममध्येच बोलावं.

पौंड मात्र आता परदेशातून पुन्हा घरात येतो. भिलाईच्या सेक्टरमधल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. तिकडून फोन येतो, "आई, मुलगी झाली, सात पौंड चार औंस!" इकडे आजी घाबरते, की हे जास्त की कमी? सोपी रीत अशी: पौंडांचे निम्मे करा आणि आलेल्या उत्तरातून त्याचा दहावा हिस्सा वजा करा. सात पौंडांचे साडेतीन, त्यातून पस्तीस शतांश गेले, राहिले ३.१५ किलो. सोळा औंसांचा एक पौंड, म्हणून वरचे चार औंस हा पाव पौंड, सव्वाशे ग्रॅमपेक्षा थोडा कमी. नात साधारण सव्वातीन किलोची, छान आहे!

पण ही ढोबळ रीत कौतुकापुरती. ती औषधाला लावू नये. सुट्टीत आलेल्या नातवाला ताप भरला आणि डॉक्टरांनी वजन विचारलं, तर घाईत 'चाळीस' एवढंच सांगितलं जातं. चाळीस पौंडांचं मूल १८ किलोचं असतं. चाळीस किलो समजून औषध दिलं, तर मात्रा दुपटीहूनही जास्त होते.

अशी गफलत भल्याभल्यांची होते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका नव्या बोईंग ७६७ विमानात इंधन भरताना किलोच्या जागी पौंडांचा हिशेब धरला गेला. लागणार होतं २२,३०० किलो, भरलं गेलं त्याच्या निम्म्याहूनही कमी. विमान आकाशात असतानाच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं ते तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि आतले सगळे, ६९ जण, वाचले. विमान कंपनीकडे आकडेमोडीला माणसं होती, तरी हे झालं. घरी तर आजीच असते. नातवाला दवाखान्यात नेताना तिथल्याच काट्यावर उभं करावं, दोन मिनिटं लागतात.