चित्रावरून मोटारीचे मोल

जुन्या मोटारी बाळगण्याचा छंद पूर्वी संस्थानिकांचा आणि मुंबईच्या धनिकांचा होता. हल्ली तो हातातल्या फोनच्या वाटेने अकोटसारख्या तालुक्याच्या गावीही येऊन पोचला आहे, व त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याबरोबर आलेल्या एका खुळ्या समजुतीविषयी. वस्तू दुर्मिळ म्हणून मौल्यवान, आणि विकणाराने जाहिरातीत मागितलेली रक्कम हीच तिची किंमत, असे चांगली शिकलीसवरलेली माणसे निःशंकपणे बोलू लागली आहेत. या समजुतीपायी घरातील शिल्लक पणाला लागताना आम्ही पाहिली, म्हणून हे चार शब्द.

घर आमच्या परिचयाचे, पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या अडतीचे. त्या घरातील आजोबा बाजारात गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालीत, आतला ओलावा तळहाताने जोखीत, रुईचा पुंजका चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगत. वर पांढराशुभ्र आणि पोटात कवडी असा माल त्यांना कोणी कधी विकू शकला नाही. त्यांच्याच नातवाने परवा नऊ चित्रे पाहून नऊ लाखांची मोटार ठरविली. मोटार म्हणजे ‘सॅन स्टॉर्म’. गोव्यात बांधलेली, दोन आसनांची, फायबरग्लासच्या अंगाची ही छोटी क्रीडामोटार १९९८ साली बाजारात आली, आणि फारशी खपली नाही. नातू म्हणाला, “फारच थोड्या बनल्या, म्हणजे भाव वाढतच जाणार.” पन्नास हजारांचा इसार त्याच रात्री फोनवरून पाठवावयाचा होता.

आता या युक्तिवादाचे परीक्षण करू. थोड्या बनल्या हे खरे; पण थोड्या का बनल्या, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. फेरारीच्या २५० जीटीओ या मोटारी छत्तीसच बनल्या आणि त्यांतील एक २०१८ साली अमेरिकेतील लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरांस गेली, हे उदाहरण अशा वेळी हटकून पुढे येते. परंतु त्या मोटारीमागे शर्यतींतील विजय आहेत, आणि ती घेण्यासाठी जगभरचे धनाढ्य टपून बसलेले आहेत. दुर्मिळतेला मागणीची जोड नसेल तर ती नुसती अडचण होय. समोरची काच फुटली, दिव्याचे झाकण तडकले, तर बंद पडलेल्या कारखान्याचा सुटा भाग आणावयाचा कोठून? विकणारा ज्यास दुर्मिळता म्हणून मिरवितो, तीच घेणाऱ्याच्या वाट्यास मिस्त्रीच्या दारातील खेटे होऊन येते.

मागितलेल्या किमतीचेही तसेच. एकाने नऊ लाख मागितले, ते पाहून दुसऱ्याने दहा मागितले, आणि तिसरा त्या दोघांचा दाखला देऊन अकरा मागतो. तिघांपैकी एकाचीही मोटार विकली गेलेली नाही! ज्या भावाने सौदा पुरा झाला तो भाव. बाकीचा मनोराज्याचा हिशेब. कापसाच्या व्यापाऱ्यास हे सांगावे लागते, याचेच आम्हांस नवल वाटते.

मग मोल कशात आहे? आमच्या मते ते प्रथम मोटारीच्या ओळखीत आहे. लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० साली एक विलक्षण खटला चालला. ले मान्सची शर्यत १९२९ व १९३० अशी दोनदा जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटले एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला होता. घेणारा म्हणाला, हिचे मूळ भाग आता राहिलेच नाहीत, ही ती मोटारच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला की ही तीच मोटार होय, कारण तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही. लोखंड बदलले तरी वंशावळ अखंड होती. उलट आपल्याकडे काय घडले पाहा. पुण्याकडे बनलेल्या ‘डीसी अवंती’ या क्रीडामोटारीच्या प्रकरणी मुंबई पोलिसांनी २०२० च्या डिसेंबरात गुन्हा नोंदविला. एकच चेसी क्रमांक व इंजिन क्रमांक असलेल्या मोटारींची एकाहून अधिक ठिकाणी नोंदणी झाली आणि एकाच मोटारीवर अनेक कर्जे उचलली गेली, असा त्यांचा आरोप होता. आरोपाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा; आम्हांस त्यावरून इतकेच सांगावयाचे आहे की धातूवर कोरलेला क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहिल्याविना मोटारीच्या रंगाची चर्चा करणे व्यर्थ आहे.

कागदांत आणखीही खाचा आहेत. विकणाऱ्याने या मोटारीस बेधडक ‘व्हिंटेज’ म्हटले होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तो दर्जा मिळण्यास पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. १९९८ नंतरची मोटार त्यात बसत नाही. ती कायद्याच्या दृष्टीने केवळ जुनी मोटार आहे. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि गोव्याची मोटार अकोल्याच्या परिवहन कार्यालयात आणावयाची तर तिकडचा ना-हरकत दाखला व इकडचा कर आलाच. जुने कर्ज फिटल्याची नोंद नसेल तर सारेच अडते.

‘फारच थोडी चाललेली’ ही स्तुतीही आम्हांस संशयास्पद वाटते. उभ्या राहिलेल्या मोटारीचे रबर ताठते, टाकीत पेट्रोलचा चिकटा साचतो, ब्रेक धरून बसतात. फायबरग्लासला गंज चढत नाही हे खरे, पण त्याखालच्या पोलादाला चढतो, आणि नऊ चित्रांत एकही खालून घेतलेले नव्हते. पायाखालच्या पेडलचे रबर झिजलेले आणि मीटरवर मात्र किलोमीटर अल्प, असे असेल तर विश्वास कोणावर ठेवावयाचा हे सांगावयास नको.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की हा प्रेमाचा विषय आहे, त्यात हिशेब कसला? खुशाल प्रेम करावे; मात्र त्यास गुंतवणूक म्हणून घरच्यांच्या गळी उतरवू नये. दुसरा, अकोटाहून गोव्यास पाहावयास जाणे कसे परवडावे? बैलजोडीसाठी चार बाजार पालथे घालणाऱ्या वऱ्हाडात हा आक्षेप शोभत नाही. नऊ लाखांच्या सौद्यात प्रवासाचे आणि जाणत्या मिस्त्रीच्या एका दिवसाचे पैसे ते किती!

इसार त्या रात्री गेला नाही, तो आजोबांमुळे. त्यांनी चित्रे पाहिली, मोटार देखणी आहे असेही कबूल केले, आणि विचारले, “बापू, दात पाह्यल्याबिगर इसार देतेत काय बे?” नातवाने विकणाऱ्यास चेसी क्रमांकाचे आणि मोटारीच्या तळाचे चित्र मागितले. उत्तरादाखल दोन चित्रे आली. दोन्ही मावळत्या सूर्याच्या प्रकाशात, समुद्रकिनारी, समोरून घेतलेली.