फावल्या वेळी : मातीची खोकी घेऊन आलेला पाहुणा

मंडळी, मागच्या अंकात उकडीच्या मोदकांबद्दल लिहिलं आणि या वेळी एकदम भुताबद्दल लिहितो आहोत, त्याबद्दल क्षमस्व. पण आपल्या गणपती-दिवाळीच्या मध्ये इकडे हॅलोविन येतं, त्याला आमचा इलाज नाही. ३१ ऑक्टोबरला दारोदार हिंडून गोळ्या-चॉकलेटं गोळा करून झाली की आमच्या दोन्ही मुलांना भुताचा सिनेमा पाहायचा असतो. यंदा आम्ही अट घातली : रक्ताचे पाट नकोत, किंकाळ्या नकोत. मुलं म्हणाली, असा भुताचा सिनेमा असतोच कुठे? आम्ही म्हटलं, असतो. १९२२ सालचा आहे, जर्मन आहे आणि मुका आहे. नाव ‘नोस्फेराटू’.

मुलांची तोंडं पाहण्यासारखी झाली. पण बेसमेंटमध्ये दिवे मालवून बसलो. आम्ही उभयता, दोन मुलं आणि जूनपासून आमच्याकडे आलेले आमचे वडील, नाना.

गोष्ट थोडक्यात अशी. हुटर नावाचा तरुण जर्मनीतल्या एका बंदराच्या गावात घरांची दलाली करणाऱ्या नॉककडे नोकरीला असतो. दूर डोंगरात राहणाऱ्या काउंट ओर्लॉकला गावात घर घ्यायचं असतं. हुटर कागदपत्रं घेऊन त्याच्या किल्ल्यात जातो आणि मग त्याला कळतं, की गिऱ्हाईक माणूस नाही, रक्त पिणारं पिशाच आहे. तोवर सौदा झालेला असतो. काउंटने घर घेतलंय ते नेमकं हुटरच्या समोरचं!

ओळखीचं वाटलं ना? ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’चीच ही गोष्ट, फक्त नावं बदललेली. स्टोकरच्या विधवेची परवानगी कोणी घेतली नव्हती. तिने दावा लावला आणि १९२५ साली जर्मन कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. त्याआधी ज्या प्रती परदेशी गेल्या होत्या, त्यांच्यामुळे हा चित्रपट वाचला. ज्या कंपनीने तो काढला तिचं नाव होतं ‘प्राणा फिल्म’. हो, आपलाच संस्कृत ‘प्राण’! हा एकच चित्रपट काढून कंपनीने प्राण सोडला.

पहिली दहा मिनिटं मुलं हसत होती. हुटर उगाच उड्या मारतो, सगळे डोळे वटारून बोलतात. मग ओर्लॉक आला आणि हसू थांबलं. काळी टोपी आणि गुलाबाचं फूल असला रुबाब इथे नाही. टक्कल, वटवाघळाचे कान, लांब नखं आणि उंदरासारखे पुढचेच दोन दात. माक्स श्रेक या नटाने हे काम केलं आहे. जर्मन भाषेत ‘श्रेक’ म्हणजेच दचकणं, आणि ते त्याचं खरं आडनाव होतं. तो फारसं काही करतच नाही. दारात उभा राहतो. जहाजावर शवपेटीतून फळी उभी करावी तसा ताठ उठतो. जिना चढताना तो दिसत नाही, भिंतीवरून त्याची नुसती सावली सरकते. आमच्या कन्येने इथे नानांचा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

दिग्दर्शक मुर्नाऊने स्टुडिओत उभारलेल्या देखाव्यांवर भिस्त ठेवली नाही. तो खऱ्या गावांत आणि खऱ्या किल्ल्यावर गेला. विस्मार आणि ल्युबेक ही जर्मन बंदरं, स्लोव्हाकियातला ओरावा किल्ला. सगळं नेहमीचं दिसतं, म्हणूनच भीती वाटते. उन्हाच्या किरणाने पिशाच मरतं ही समजूतही याच चित्रपटाने रूढ केली. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो.

पण आम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. ओर्लॉक नव्या गावी येतो तो मातीने भरलेल्या शवपेट्या घेऊन. त्याला मायदेशच्या मातीतच झोप लागते. जहाजातून उतरल्यावर तो आपली पेटी स्वतः काखेत धरून रिकाम्या गल्ल्यांतून नव्या घराकडे निघतो. हमाल नाही, घ्यायला आलेलं कोणी नाही. इथे मुलं पुन्हा हसली. नाना हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, “बिचारा. झोपेचीच पंचाईत.”

नाना आले तेव्हा त्यांच्या दोन बॅगांपैकी एका बॅगेत निम्मी जागा गोधडीने अडवली होती. आम्ही विमानतळावरच कुरकुर केली, की इथे काय पांघरुणं मिळत नाहीत? आमच्या जाड गादीवर नानांना चार रात्री डोळा लागला नाही. पाचव्या रात्री त्यांनी गोधडी जमिनीवर पसरली आणि सकाळी आठपर्यंत घोरत पडले.

ओर्लॉकच्या पेट्यांतल्या मातीत उंदीर असतात आणि त्यांच्याबरोबर गावात प्लेग येतो. दारांवर खडूने फुल्या पडतात. इथे नानांना त्यांच्या आजीने सांगितलेला पुण्याचा प्लेग आठवला, तोही १८९७ चाच. घरात उंदीर मरून पडले की घर सोडून रानात झोपडी बांधायची. गोरे शिपाई झडतीला आले की देवघरापर्यंत शिरायचे. मुलांनी सिनेमा थांबवून हे सगळं ऐकून घेतलं.

संपल्यावर चिरंजीवांनी विचारलं, “बाबा, म्हणजे ओर्लॉक इमिग्रंटच ना? आणि तो आला म्हणून रोग आला?” आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही. परका आला की रोगराई आणतो, ही समजूत या चित्रपटात आहे खरी, आणि आज ना उद्या ती आमच्या मुलांच्याही कानावर येणार आहे. मग आम्ही त्यांना एक प्रसंग पुन्हा लावून दाखवला. प्लेगने पिसाळलेलं गाव दगड घेऊन धावतं ते ओर्लॉकच्या मागे नव्हे, तर वेड लागलेल्या दलाल नॉकच्या मागे. कोणी तरी दोषी सापडायला हवा असतो. नॉकचं काम करणारा अलेक्झांडर ग्रानाख हा ज्यू होता. बेकरीत काम करत करत तो बर्लिनला आला आणि मोठा नट झाला. १९३३ साली हिटलर आल्यावर त्याला खरोखरच जर्मनी सोडून पळावं लागलं. पुढे तो अमेरिकेत आला, हॉलिवूडमध्ये कामं केली आणि १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत.

असो. पाहायचा असेल तर रंगांच्या छटा दिलेली दुरुस्त प्रत शोधा. चित्रण दिवसा झालं आहे आणि रात्र दाखवायला फिल्म निळी रंगवली आहे. साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत ओर्लॉक भर उन्हात पेटी घेऊन फिरताना दिसतो आणि सगळी मजा जाते. अगदी लहान मुलांना दाखवू नका.

नाना पुढच्या महिन्यात परत जातील. कन्येने गोधडी ठेवून जा म्हणून हट्ट धरला आहे. नाना म्हणतात, “ठेवली असती गं, पण मग मी तिकडे कशावर झोपू?”