होय, आम्हाला पीएचडी करून दिवेच लावायचे आहेत!

डिसेंबर 2023. नागपूरचे हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत 'सारथी'च्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना राज्याच्या तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारले, हे विद्यार्थी पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत? टीका झाली, बातम्या झाल्या आणि विषय मागे पडला. त्याच वर्षी 'बार्टी'चे संशोधक विद्यार्थी फेलोशिपसाठी मुंबईच्या आझाद मैदानात उन्हातान्हात बसले होते.

मित्रांनो, आपण त्या वाक्याचा निषेध केला. पण त्या प्रश्नाचे उत्तर दिले का? आमच्या मते ते द्यायला हवे होते. निषेध चार दिवसांत विरतो, उत्तर टिकते. आणि हे उत्तर आम्हाला तीन ठिकाणी सापडते: गटारात, कोरडवाहू रानात आणि डोंगराच्या उतारावर. म्हणजेच अभियांत्रिकीत, वनस्पतिशास्त्रात आणि भूशास्त्रात.

आधी गटार. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. पण वायूचे प्रमाण फार वाढले की माणसाचे नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. आत उतरलेल्याला वाटते, वास गेला, आता धोका नाही. तिथेच तो कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा 2013 मध्ये झाला. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला 10 लाख रुपये भरपाई द्या म्हणून सांगितले. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला आपल्या देशाचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाला ती भरपाई 30 लाख करावी लागली. नऊ वर्षांत भरपाई वाढली, पण चेंबरमध्ये माणूस उतरायचा थांबला नाही.

केरळातल्या काही तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव बनवला आणि 2018 मध्ये तिरुवनंतपुरममध्ये तो चेंबरमध्ये उतरवूनही दाखवला. म्हणजे हे काम अशक्य नव्हते. आता आपल्या जुन्या गावठाणातल्या बोळात, जिथे मोटारही जात नाही, तिथे चालेल असे स्वस्त यंत्र हवे. वायू मोजणारा, कंत्राटदाराला परवडतो असे सांगून गळ्यात अडकवायला लावता येईल असा साधा सेन्सर हवा. हे एम.टेक. आणि पीएचडीचे खरेखुरे विषय आहेत. ज्याच्या घरातला कोणी कधी गटारात उतरला नाही, त्याला हा विषय सुचायला वेळ लागतो. यात त्याचा दुष्टपणा असेलच असे नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तो प्रश्नच येत नाही.

आता रान. मराठवाड्यात आपल्या लोकांनी केसेस अंगावर घेऊन, मार खाऊन गायराने कसली. ही जमीन बहुतेक हलकी आणि मुरमाड. विहीर नाही, कॅनॉल नाही. तिथे रब्बीची ज्वारी पेरतात. ती वरच्या पाण्यावर येत नाही, पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. काळ्या खोल जमिनीत ही ओल टिकते, मुरमाड रानात दाणा भरायच्या आत संपते. मग कोणत्या वाणाची मुळे कशी वाढतात, कोणते ताट कोरड पडली तरी हिरवे राहते, हा प्रश्न नुसता शास्त्राचा राहत नाही. कुणाच्या कणगीत दाणे येणार, याचा तो प्रश्न होतो. संशोधनाने काय होते ते आपण पाहिले आहे. मोहोळच्या केंद्रावर निवडीने तयार झालेली मालदांडी आजही आपल्या भाकरीत आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा वाण 2018 मध्ये आणला. आमची माणसे त्या प्रक्षेत्रांवर रोजंदारीने खुरपायला असतात. वाण निवडणाऱ्यांच्या टेबलावर किती असतात?

आणि तिसरा डोंगर. महाराष्ट्राच्या सुमारे 80 टक्के भूभागाखाली काळा पाषाण आहे. या बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखे नसते. ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत साचते. म्हणून शंभर फुटांच्या अंतराने एका विहिरीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते. बोअर कुठे पाडायचे हे गावात अजून हातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाडी ठरवतो आणि नारळ बहुतेक वेळा पुढाऱ्याच्या शेताच्या बाजूलाच उभा राहतो! 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. त्या पाण्याचा हक्क आपण कायद्याने मिळवला. जमिनीखालच्या पाण्याचे ज्ञान मात्र अजून दुसऱ्याच्या हातात आहे.

त्याच महाड तालुक्यात 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर दरड कोसळली. त्याआधी 30 जुलै 2014 रोजी माळीण गाडले गेले, 151 माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गेली. माळीण आणि इर्शाळवाडी या आदिवासींच्या वस्त्या. कठीण खडकावर मातीचा सैल थर, त्यात दिवसेंदिवस मुरलेले पाणी आणि उतार, एवढे जमले की डोंगर सुटतो. कोणत्या उतारावर किती पाऊस झाला की माणसे हलवायची, हे वाडीवाडीचे मोजमाप करूनच कळते. ते करायला डोंगर चढणारे संशोधक लागतात आणि त्या वाडीची भाषा बोलणारे असतील तर लोक ऐकतातही.

आता कोणी म्हणेल, विज्ञानाला जात नसते. खरे आहे, गुरुत्वाकर्षणाला जात नाही. पण प्रश्न कोण निवडतो, जागा कोणाला मिळते, मशीनवर पहिली पाळी कोणाची आणि शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे, या प्रत्येक पायरीवर जात बसलेली आहे. संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2015 ते 2019 या काळात देशातल्या आयआयटींमध्ये पीएचडीला 25,007 प्रवेश झाले. त्यात अनुसूचित जातींचे 9.1 टक्के आणि अनुसूचित जमातींचे 2.1 टक्के. कायद्याने हे प्रमाण 15 आणि 7.5 टक्के असायला हवे. जागा रिकाम्या राहतात आणि वर सांगितले जाते, लायक उमेदवारच मिळाला नाही.

पीएचडीच्या जागा गाइडप्रमाणे ठरतात. प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4. त्यात मुलाखत. कोणत्या गाइडने कोणाला घ्यायचे हे बंद खोलीत ठरते. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले. आमच्या विषयात गाइड रुसला तरी पुस्तके आणि एसटीचे भाडे एवढ्यावर माणूस तग धरतो. लॅबमध्ये तसे नाही. रसायनांच्या कपाटाची किल्ली, मशीनची वेळ, खडकाचे नमुने तपासायला पाठवण्याची परवानगी, सगळे गाइडच्या सहीवर. तिथे जातिवाचक शिवी द्यावीच लागत नाही. "मशीन बिझी आहे, पुढच्या महिन्यात बघू," एवढे म्हणले तरी वर्ष जाते. याचा कोणता ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल करणार?

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत शिकलेली एक मुलगी एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते आहे. ज्वारीची मुळे हाच तिचा विषय. आईवडील शेतमजूर. तिची फेलोशिप आठ महिने आली नाही. कुंड्या, माती, मुळे धुऊन मोजायचे सामान उधारीवर कुठवर आणणार? सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, पेरणी हुकली. पैसे आले तेव्हा मार्च उजाडला होता आणि शिवारात ज्वारी काढायला आली होती. तिने फोन केला. म्हणाली, "ताई, पैसे आठ महिने उशिरा आले, पण माझं सगळं वर्ष गेलं. आता सोडून देऊ का?" कार्यालयातल्या बाबूला आठ महिने म्हणजे एक फाइल. रानाला ते कळत नाही. रब्बी वर्षातून एकदाच येते.

आम्ही तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण त्याच आठवड्यात आम्ही जयंतीच्या सत्काराची यादी काढत होतो. आजवर आमच्या विहारात सत्कार झालेल्या पीएचडीधारकांची नावे बघितली. मराठी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र, कायदा. अभियांत्रिकीचा एक, वनस्पतिशास्त्राचा एक, भूशास्त्राचा एकही नाही. एमपीएससी पास झालेल्याची मिरवणूक निघते, डीजे लागतो. पाच वर्षे लॅबमध्ये घासणाऱ्या पोराला नातेवाईक विचारतात, "अजून शिकतोयस होय?" ब्राह्मणी व्यवस्थेने दार बंद केले हे खरेच. पण त्या दारावर आपणही पुरेशी थाप मारली नाही.

बाबासाहेबांना हे ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी दिसले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या लोकांचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. आपली मुले कला शाखेला का जातात, याचे कारणही सांगितले: विज्ञानाचा खर्च झेपत नाही म्हणून. म्हणून देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला 2 लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी 1 लाख रुपये मागितले. लक्षात घ्या, हे सांगणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पंडित होता! त्या प्रयत्नांतूनच 1944 पासून केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ती शिष्यवृत्ती आपण मागतो, पण तिच्यामागचा विचार विसरलो.

यावर दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली, समाजशास्त्र नको असे आम्ही म्हणत नाही. 2022 मध्ये केंद्राने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजाच्या अभ्यासाचे विषय वगळले. आपण स्वतःचा अभ्यास करू नये, हीच त्यांची इच्छा. आपल्याला दोन्ही हवे. दुसरी, आपल्या पोराने गटाराचेच संशोधन करावे अशी सक्तीही नको. ती नवी जातवार कामवाटणी होईल. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखे विज्ञानावर लिहायचे होते. तो ताऱ्यांकडे बघत होता. 17 जानेवारी 2016 ला तो गेला, तेव्हा त्याची कित्येक महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. ताऱ्यांवर त्याचा जेवढा हक्क, तेवढाच ज्वारीच्या मुळांवर आमच्या मुलीचा. निवड तिची असली पाहिजे, परिस्थितीची नव्हे.

मग करायचे काय? सरकारकडे मागायचे ते नेमके मागा. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला आणि ती उशिरा आली तर पीएचडीची मुदत तेवढी वाढलीच पाहिजे. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षे वर्षाला 12,000 रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला हजार. त्यात कुंड्या येतात, तपासणी येत नाही. लॅब आणि फील्डवर्कचा खर्च वेगळा मागा. विभागवार, गाइडवार प्रवेशाची आणि रिकाम्या जागांची माहिती दरवर्षी माहिती अधिकारात काढा आणि विहाराच्या फळ्यावर लावा.

आणि आपल्याकडून? जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा. तेवढ्यात एका मुलीचा एक हंगाम निघतो. आपले जे अभियंते, प्राध्यापक नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांनी अकरावीच्या पोरांना महिन्यातून एक रविवार द्यावा आणि भूशास्त्र नावाचा विषय असतो हे तरी सांगावे. कित्येकांना ते एम.ए. झाल्यावर कळते. आम्हालाही तेव्हाच कळले.

त्या मुलीला आम्ही शेवटी एवढेच सांगितले, "सोडू नकोस. पुढची पेरणी आपण मिळून करू." विहाराच्या खात्यातून कुंड्यांचे आणि मातीचे पैसे दिले आहेत. ती कर्जाची नोंद नाही, चळवळीच्या खर्चाची आहे. ती पीएचडी पूर्ण करेल की नाही, हे आज आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. गाइड तोच आहे, बाबू तोच आहे. पण या सप्टेंबरात ती पेरणार आहे.

काय दिवे लावणार, असे पुन्हा कोणी विचारले तर त्याला मुरमाड रानावर घेऊन या.

जय भीम! जय भारत!