विश्लेषण : परदेशातल्या यात्रेत काही बिघडले, तर जबाबदारी कोणाची?

पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली आणि २७ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी जळगाव जिल्ह्यातले, त्यातही बहुतेक भुसावळ-वरणगाव परिसरातले होते. बस उत्तर प्रदेशात नोंदलेली होती आणि अपघात घडला नेपाळमध्ये. मृतदेह जळगावला आणण्यासाठी हवाई दलाचे विमान पाठवावे लागले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, नेपाळमधल्या तरुणांच्या आंदोलनामुळे काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि महाराष्ट्रातले अनेक पर्यटक तिथे अडकले. पैसे गावात भरायचे आणि संकट परदेशात यायचे, अशा प्रवासात दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न या दोन्ही घटनांनी पुढे आणला.

देशातल्या आणि परदेशातल्या यात्रेत फरक काय?

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीचे उदाहरण घेऊ. देवीचे दर्शन आणि अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे यासाठी इथे वर्षभर बस भरून भाविक येतात. अशी एखादी बस वाटेत उलटली, तर पोलीस, रुग्णालय, परिवहन कार्यालय, बसचा विमा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण या सगळ्यांना एकच कायदा लागू होतो.

पण वज्रेश्वरीतलीच मंडळी पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि लुंबिनीला निघाली, तर सीमा ओलांडताच चित्र बदलते. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीचे संरक्षण भारताच्या हद्दीपुरते असते. नेपाळसाठी जादा हप्ता भरून ते वाढवून घ्यावे लागते. बसमालकाने ते केले आहे का, हे प्रवाशाला तिकिटावरून कळत नाही. अपघाताचा पंचनामा तिथले पोलीस करतात आणि उपचारांचे बिल तिथल्या तिथे भरावे लागते.

सरकारचे नियंत्रण किती?

हे यात्रा कोणती, यावर ठरते. याबाबत तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, सरकारने स्वतः नेलेली यात्रा. कैलास-मानसरोवर यात्रा परराष्ट्र मंत्रालय आयोजित करते. पाच वर्षांच्या खंडानंतर ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. लिपुलेख खिंडीतून ५० जणांच्या ५ आणि नाथू ला खिंडीतून ५० जणांच्या १० तुकड्या, अशा एकूण ७५० जागा त्या वर्षी होत्या. यात्रेकरूंची निवड संगणकीय सोडतीने होते, वैद्यकीय तपासणी होते आणि प्रत्येक तुकडीसोबत सरकारी संपर्क अधिकारी असतो. तरीही यात्रेकरूला हमीपत्र लिहून द्यावे लागते. मृत्यू झाल्यास चीनच्या हद्दीतच अंत्यसंस्कार करण्याची संमतीही त्यात आधीच घेतली जाते. म्हणजे सरकारी यात्रेतही जोखमीचा मोठा भाग यात्रेकरूकडेच राहतो.

दुसरी, नोंदणी केलेल्या खासगी आयोजकांची. हजला नेणाऱ्या खासगी कंपन्यांना अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. पण नोंदणी असली की सगळे सुरळीत होतेच, असे नाही. २०२५ च्या हजसाठी भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यातल्या ५२,५०७ जागा खासगी आयोजकांच्या होत्या. सौदी अरेबियाच्या मुदतीत आवश्यक करार पूर्ण झाले नाहीत आणि या जागा अडचणीत आल्या. भारताच्या विनंतीनंतर सौदी सरकारने सुमारे १०,००० जणांसाठी पुन्हा वाट मोकळी केली. बाकी सुमारे ४२,००० जागा हातच्या गेल्या. मात्र नोंदणी असल्यामुळे आयोजक कोण, हे सरकारला ठाऊक होते आणि त्यांना जाब विचारता आला.

तिसरी तऱ्हा नेपाळ, श्रीलंका, कंबोडिया, जेरुसलेम अशा इतर सर्व यात्रांची. इथे कंपनीला सरकारी परवाना सक्तीचा नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय सहल कंपन्यांना मान्यता देते, पण ती घेणे ऐच्छिक आहे. त्यामुळे मोठी कंपनी आणि दरवर्षी गावातून चाळीस-पन्नास माणसे नेणारा ओळखीचा माणूस, दोघेही एकाच बाजारात असतात.

मग दाद कुठे मागता येते?

सर्वांत जवळचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आहे. जुन्या कायद्यानुसार कंपनीचे कार्यालय जिथे असेल किंवा प्रकार जिथे घडला असेल, तिथे तक्रार करावी लागे. आता ग्राहक स्वतः राहतो तिथल्या आयोगाकडेही जाता येते. म्हणजे वज्रेश्वरीच्या रहिवाशाने दिल्लीच्या कंपनीसोबत परदेशयात्रा केली असली, तरी तक्रार ठाणे जिल्हा आयोगाकडे करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालते आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. प्राथमिक मदतीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

अडचण पुराव्याची असते. हा कायदा मोबदला देऊन घेतलेल्या सेवेला लागू होतो. ओळखीपोटी रोख पैसे दिले, पावती घेतली नाही आणि कार्यक्रमाची फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी हातात असली, तर काय ठरले होते आणि किती पैसे दिले, इथूनच वाद सुरू होतो.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली कसोटी करपावतीची. परदेश सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२० पासून ग्राहकाकडून टीसीएस घेऊन तो सरकारकडे भरावा लागतो. ही रक्कम ग्राहकाच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. आयोजक पॅन मागतच नसेल, तर आपली यात्रा त्याच्या हिशेबात परदेश सहल म्हणून दाखवली आहे का, हे विचारायला हवे.

दुसरी विम्याची. प्रवास विम्यात उपचार, मृतदेह परत आणणे आणि आधीपासूनचे आजार यांची तरतूद आहे का, हे पॉलिसीत वाचावे. बस सीमेपलीकडे जाणार असेल, तर वाढीव विम्याची प्रत मागावी.

तिसरी लेखी कराराची. मुक्काम, गाडी, सोबत जाणारा व्यवस्थापक, यात्रा रद्द झाल्यास मिळणारा परतावा आणि स्थानिक आयोजकाचे नाव त्यात असावे. नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना चालते.

पुढे काय?

कैलास आणि हजच्या अनुभवावरून नियमन म्हणजे सुरक्षेची पूर्ण हमी नव्हे, हे दिसते. पण कोण किती लोकांना कुठे घेऊन गेले आहे, ही नोंद त्यामुळे सरकारकडे राहते. नेपाळसारख्या मोकळ्या सीमेवरच्या यात्रांबाबत ही किमान नोंदही सक्तीची नाही. त्यामुळे अपघातानंतर प्रवाशांची नावे जुळवण्यापासून सुरुवात करावी लागते. आयोजकांची सक्तीची नोंदणी आणि निघण्यापूर्वी प्रवाशांची यादी जिल्हा प्रशासनाला देणे, एवढे दोन नियम झाले तरी परिस्थितीत मोठा फरक पडेल. तोपर्यंत यात्रेकरूचा मुख्य आधार त्याच्या हातातली पावती, पॉलिसी आणि करार हाच आहे.