कंझऱ्याची चाळीस घरे आणि संशोधकाचे कुलूप

अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील कंझरा हे गाव वऱ्हाडातही फारसे कोणाच्या ओळखीचे नाही. विकासाचे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या परदेशी प्राध्यापकाला मात्र ते बहुधा ठाऊक असते. 1975 साली हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने कोरडवाहू प्रदेशातील सहा गावांची दीर्घकालीन पाहणी हाती घेतली. तीत महबूबनगर व सोलापूर जिल्ह्यांतील प्रत्येकी दोन आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा ही गावे होती. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे निवडण्यात आली: दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी दहा. अन्वेषक गावातच मुक्कामाला राहिले. दर तीन-चार आठवड्यांनी ते त्याच घरी जात आणि काय पेरले, काय पिकले, मजुरी किती मिळाली, किराणा किती आणला, उसने कोणाकडून घेतले, हे सारे लिहून घेत. हे काम दहा वर्षे चालले; पुढे 2001 पासून ते पुन्हा सुरू झाले.

पाहणी मोठी होती यापेक्षा तिच्या नोंदी संस्थेच्या कपाटात बंद राहिल्या नाहीत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या इतर अभ्यासकांना उपलब्ध करून देण्यात आल्या. रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 साली कंझरा, शिरापूर व औरेपल्ली या तीन गावांच्या नोंदींवरून असे दाखविले की, एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तरी त्याचा उपभोग त्या प्रमाणात घसरत नाही. तो बराचसा साऱ्या गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होतो. म्हणजे खेडे आपल्या माणसाला काही अंशी तरी सावरून धरते. हा निष्कर्ष गाजला. परंतु तीनच वर्षांनी मार्टिन रॅव्हेलियन व शुभम चौधुरी यांनी त्याच नोंदी पुन्हा हाती घेतल्या. उपभोग मोजण्याची रीत आणि गणिताची पद्धत तपासून पाहता त्यांना असे आढळले की, घराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा परिणाम टाउनसेंड यांना वाटला त्याहून अधिक आहे; गावाचा आधार तितका भक्कम नाही. हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. गाव आपल्या माणसाला सांभाळून घेतेच, असे ठरले तर पीकविमा आणि रोजगार हमी यांची निकड कमी भासते. तसे ते पुरते ठरत नाही, हे कळू शकले, कारण मूळ नोंदी दुसऱ्याच्या हाती पडल्या. पहिल्या संशोधकाने त्या फेकून दिल्या असत्या तर त्याचा शब्द अखेरचा ठरला असता.

आता याच्या शेजारी आपल्याकडील रीत ठेवून पाहावी. अमरावतीला विद्यापीठ स्थापन झाले 1983 साली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ तर 1969 पासूनचे. या काळात कापूस, संत्री, सहकारी पतपुरवठा, शेतमजूर स्त्रिया, कुपोषण अशा विषयांवर वऱ्हाडात प्रबंधांमागून प्रबंध झाले. विद्यार्थी दोन-तीनशे प्रश्नावल्या घेऊन खेड्यांत जातो, उन्हातान्हात त्या भरून आणतो, टक्केवारीची कोष्टके तयार करतो आणि मौखिकी झाली की त्या प्रश्नावल्या माळ्यावर जातात. दोनचार वर्षांनी घर बदलताना त्या रद्दीत निघतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांमुळे प्रबंध आज ‘शोधगंगे’वर वाचावयास मिळतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु तेथे मिळते ते कोष्टक. कोष्टकामागचे घर मिळत नाही. साठ टक्के शेतकरी कर्जबाजारी आहेत असे एखाद्या प्रबंधात वाचले, तर ते कोणत्या जमिनीचे, कोणाचे कर्ज, ओलिताचे किती, हे पुन्हा विचारण्याची सोय नाही. मग दहा वर्षांनी नवा विद्यार्थी त्याच तालुक्यात तेच प्रश्न घेऊन जातो आणि तोच शेतकरी त्याला विचारतो, याचे पुढे काय होते? या प्रश्नाला आपल्या विद्यापीठांपाशी उत्तर नाही. (‘माझी माहिती’ म्हणून ती मुठीत धरणारे मार्गदर्शकही कमी नाहीत. ती माहिती वस्तुतः त्या शेतकऱ्याची असते, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडतो.)

तथापि, सर्व नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात, असा याचा अर्थ काढणे घातक होईल. नावाच्या जागी क्रमांक घातला म्हणजे गुप्तता राखली गेली, असा एक समज आहे. शहरात तो कदाचित खपेल, खेड्यात नाही. काही शे उंबऱ्यांच्या गावात बत्तीस एकर जमीन, दोन विहिरी, एक मुलगा पुण्याला आणि धाकट्या मुलीचे लग्न अमुक साली, एवढे वाचले की पारावर बसलेला कोणीही घर ओळखील. बरे, गावाचे नावच लपवावे, तर पावसाच्या, बाजारभावाच्या नोंदींशी त्या माहितीची सांगड घालता येत नाही आणि तिची निम्मी किंमत जाते. नोंद जितकी उपयोगी, तितकी ती ओळखू येण्याजोगी. ही अडचण कोणत्याही संगणकाने पुरती सुटलेली नाही. मार्क रोझेन्झवाइग व ओडेड स्टार्क यांनी 1989 साली इक्रिसॅटच्याच नोंदींवरून असे मांडले की, मुलगी दूरच्या गावी देण्यामागे दोन्हीकडचा दुष्काळ एकाच वेळी येऊ नये हाही हिशेब असतो. निष्कर्ष मोलाचा, पण त्यासाठी कोणाच्या तरी मुलींची सासरे टिपावी लागली, हे विसरता येत नाही.

वऱ्हाडात तर या उघडकीची किंमत अब्रूवर थांबत नाही. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशकसहिष्णू कापसाची उघड पेरणी केली. पुढे गुन्हेही नोंदले गेले. तो जाहीर सत्याग्रह होता. परंतु गाजावाजा न करता तेच बियाणे लावणाऱ्या शेतकऱ्याला संशोधकाने कोणते वाण पेरले असे विचारले, त्याने विश्वासाने खरे सांगितले आणि ते उत्तर गट क्रमांकासह प्रसिद्ध झाले, तर ती आपखुशीने दिलेली कबुलीच ठरेल. सावकाराचेही तसेच. 2014 च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे; पण कर्जदाराच्या तोंडून सावकाराचे नाव फुटले तर पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार?

सर्वांत नाजूक भाग शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने मार्च 2005 मध्ये अहवाल दिला. जानेवारी 2006 मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांचा अहवाल आला. त्यानंतर कित्येक विद्यार्थी त्याच घरांच्या पायऱ्या चढले. त्या घरातील स्त्री दारूविषयी, भाऊबंदकीविषयी बोलते तेव्हा तिचे प्रकरण मदतीसाठी पात्र की अपात्र, याचा निर्णय समितीपुढे पडून असू शकतो. तिचे शब्द तिच्याच विरुद्ध वापरले जाण्याची शक्यता ज्या संशोधकाच्या मनात आली नाही, त्याने त्या घरी जाऊच नये. 2023 सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे. परंतु त्या माहितीच्या आधारे त्याच व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानके पाळली जावीत, या अटींवर. अट रास्त आहे. मात्र माळ्यावरच्या गाठोड्याला कोणते मानक लावावे?

वाट अगदीच नाही असे नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या घरोघरच्या नोंदी आज नावांवाचून अभ्यासकांना मिळतात, आणि त्यामुळे कोणाच्या घरी पोलीस गेल्याचे ऐकिवात नाही. शोधगंगा चालविणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या साहाय्याने भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेने माहितीचे भांडारही उभे केले आहे. अमरावती विद्यापीठाने प्रबंधाबरोबर भरलेल्या नोंदींची एक प्रत, प्रश्नावली आणि संकेतांचा खुलासा ग्रंथालयात दाखल करणे आवश्यक ठरवावे. नावांची यादी नोंदींपासून वेगळी करून निराळ्या कुलपात राहावी. सर्वसामान्य नोंदी कोणालाही पाहता याव्यात, मात्र गाव तेथे केवळ तालुक्याने ओळखले जावे. गाव व गट क्रमांकासहच्या नोंदी लेखी हमी देणाऱ्यासच, ग्रंथालयात बसून. आत्महत्याग्रस्त घरांच्या मुलाखती ठरावीक वर्षे कोणालाच नकोत. आणि संमतिपत्र सोप्या मराठीत, मोठ्याने वाचून दाखवावे. त्यात ‘ही माहिती पुढे दुसरेही लोक वाचतील’ हे वाक्य असलेच पाहिजे. 1975 साली आपला किराणा पुढे कोठे कोठे मोजला जाईल, हे कंझऱ्याच्या शेतकऱ्याला कळणे शक्य नव्हते. विचारणाऱ्यालाही ते पुरते ठाऊक नसावे. आजच्या विद्यार्थ्याला ती सबब उरलेली नाही.

या व्यवस्थेला इमारत लागत नाही. लागतो तो एक प्रशिक्षित ग्रंथपाल, एक संगणक, आणि कुलपाची किल्ली कोणाला द्यावयाची हे ठरविणारी एक छोटी समिती. त्या समितीत केवळ प्राध्यापक नसावेत. ज्यांच्या घरांच्या नोंदी आत आहेत त्यांच्यापैकीही कोणी बसावा. खर्चाचा प्रश्न त्यानंतरचा.